पाचवीचा प्रवेश : शाळा काय विचारू शकते, पालकांनी काय विचारावे

लेखमाला ‘शाळेची वाट’ : लेखांक ६

चौथीतल्या मुलांचे पालक दिवाळीनंतर एकमेकांना भेटले की बोलणे हमखास एकाच विषयावर येते : पाचवीला इथेच ठेवायचे की शाळा बदलायची? पहिलीच्या प्रवेशाची निदान चर्चा तरी होते. ऑनलाइन अर्ज, सोडत, निवड यादी, प्रतीक्षा यादी हे सगळे वर्तमानपत्रांत छापून येते आणि या लेखमालेतही ते येऊन गेले आहे. पाचवी-सहावीसाठी यातले काहीच नाही. सगळ्यांसाठी एक पोर्टल नाही, ठरलेली तारीख नाही. प्रत्येक खासगी शाळेचे वेळापत्रक वेगळे, अर्ज वेगळा आणि ऑफिसच्या खिडकीवर मिळणारी उत्तरेही वेगळी.

या गोंधळात बहुतेक पालक दोन गोष्टी गृहीत धरूनच शाळेच्या फाटकातून आत जातात. मुलाची चाचणी होणारच, आणि थोडेफार ‘डोनेशन’ द्यावे लागणारच. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याने आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी या दोन्ही गोष्टींना बंदी घातली. हे पालकांना आधी ठाऊक असेल, तर प्रवेशाचा निम्मा ताण तिथेच कमी होतो. उरलेला निम्मा कागदपत्रे, फी आणि शाळेची नीट पाहणी यांचा आहे, आणि तोही तयारीने हलका करता येतो.

पाचवीलाच का?

महाराष्ट्रातल्या शाळांची जुनी रचना चौथीपर्यंत प्राथमिक आणि पाचवी ते दहावी माध्यमिक अशी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी झालेले मूल गावातल्या किंवा तालुक्याच्या हायस्कुलात जाते ते पाचवीत. पुण्यातल्या रमणबागेसारख्या शाळांतही मुले पाचवीतच दाखल होतात. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक असे टप्पे धरले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीला पूर्वमाध्यमिक स्तर हे नाव दिले. कायद्यात आणि धोरणात रेष पाचवीनंतर आहे, पण अनेक हायस्कुले पाचवीलाच मुले घेत आली आहेत.

त्यामुळे पालकांसमोर दोन अगदी वेगळी दारे असतात. हायस्कुलात पाचवीची आख्खी तुकडी नव्याने भरते. संस्थेच्या स्वतःच्या प्राथमिक शाळेतली मुले आधी घेतली जातात आणि उरलेल्या जागा बाहेरच्यांना मिळतात, हा सर्वत्र दिसणारा रिवाज. नर्सरीपासून दहावीपर्यंत सलग चालणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मात्र पाचवी-सहावीला जागा निघते ती कुणी बदली होऊन गेले किंवा दाखला काढून नेला तरच. अशा शाळेत ‘जागा आहे का’ या प्रश्नाचे उत्तर जानेवारीत एक असते आणि एप्रिलमध्ये दुसरे. जानेवारीत नाही म्हणालेल्या शाळेत एप्रिलअखेर पुन्हा विचारणे म्हणूनच शहाणपणाचे.

‘खासगी शाळा’ हा शब्दही जपून वापरायला हवा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था खासगीच, १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटीही खासगीच, आणि २०१२ च्या कायद्याखाली उघडलेली शहराबाहेरची स्वयंअर्थसहाय्यित शाळाही खासगीच. पालकाच्या खिशाच्या दृष्टीने त्यांच्यात मोठे अंतर आहे. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देते, म्हणून फी नाममात्र असते. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात आणि शालेय पोषण आहारही असतो. विनाअनुदानित शाळा सगळा खर्च फीतून भागवते.

गोंधळ इथेच होतो : एकाच आवारात, एकाच संस्थेच्या पाटीखाली अनुदानित मराठी माध्यम आणि विनाअनुदानित इंग्रजी माध्यम शेजारी शेजारी चालते. काही ठिकाणी तर एकाच इयत्तेची एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असते. म्हणून खिडकीवरचा पहिला प्रश्न शाळेबद्दल नसावा, तुकडीबद्दल असावा : ‘आमच्या मुलाला मिळणार आहे ती तुकडी अनुदानित आहे का?’

चाचणी, मुलाखत आणि कलम १३

शिक्षण हक्क कायद्याचे कलम १३ फार लांब नाही. प्रवेश देताना कोणतीही शाळा किंवा व्यक्ती देणगी घेणार नाही, आणि मुलाला किंवा त्याच्या पालकांना कोणत्याही छाननीला सामोरे जायला लावणार नाही, एवढाच त्याचा गाभा. छाननी म्हणजे काय तेही कायद्याने सांगून ठेवले आहे. एका मुलाऐवजी दुसऱ्याला निवडण्याची, सोडतीखेरीज दुसरी कुठलीही पद्धत म्हणजे छाननी. लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा, आईवडिलांची मुलाखत, त्यांच्या शिक्षणावरून आणि नोकरीवरून ठरवलेला पसंतीक्रम, सगळे त्यात आले.

या कायद्यात ‘मूल’ म्हणजे सहा ते चौदा वर्षांचे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले होते की सहा वर्षांखालच्या नर्सरी प्रवेशाला कलम १३ लागू होत नाही. नर्सरीबाबत शाळा जो युक्तिवाद करू शकतात, तो दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत चालत नाही. पाचवी, सहावी, सातवीचे मूल कायद्याच्या वयोमर्यादेत पुरते बसते.

केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २३ नोव्हेंबर २०१० रोजी मार्गदर्शक सूचना काढून हे आणखी स्पष्ट केले. विनाअनुदानित शाळा आपल्या उद्दिष्टांना धरून वाजवी असे प्रवर्ग ठरवू शकते, ते तिने जाहीर करावेत, पालकांच्या शैक्षणिक पात्रतेवरून मुलांची वर्गवारी करू नये, आणि अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर निवड यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे सोडतीने करावी. प्रवर्गात बसणाऱ्या किंवा न बसणाऱ्या कोणत्याही मुलाची वा पालकाची चाचणी किंवा मुलाखत नको.

नियम मोडला तर दंडही कायद्यातच आहे. छाननी केल्याबद्दल पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. देणगी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. देणगीची व्याख्याही लक्षात ठेवण्याजोगी आहे. शाळेने जाहीर केलेल्या फीखेरीज घेतलेली कोणतीही रक्कम म्हणजे देणगी, मग पावतीवर ‘इमारत निधी’ लिहा किंवा ‘विकास निधी’. महाराष्ट्राने तर १९८७ मध्येच देणगीबंदीचा स्वतःचा कायदा केला होता.

असे असूनही पाचवी-सहावीच्या प्रवेशाला चाचण्या होतात, हे पालकांना ठाऊक आहे. त्यांची नावे तेवढी सौम्य असतात : ‘इंटरॅक्शन’, ‘असेसमेंट’, ‘बेसलाइन’. इथे एक फरक समजून घ्यायला हवा. प्रवेश नक्की झाल्यावर मुलाचे गणित कुठवर आले आहे, इंग्रजी वाचता येते का, हे शाळेने तपासले तर त्यात गैर काही नाही. चांगली शाळा ते करतेच. आधी तपासणी आणि तिच्या निकालावर प्रवेश, हा क्रम मात्र कायद्याला मान्य नाही. म्हणून ‘मुलाला शनिवारी टेस्टला घेऊन या’ असे सांगितले गेले, की पालकाने शांतपणे विचारावे : ‘ही टेस्ट प्रवेशानंतरची आहे का? हिच्या गुणांवर प्रवेश अवलंबून आहे का?’ उत्तर ईमेलवर किंवा लेखी मागावे. लेखी उत्तराची वेळ आली की पुष्कळ शाळांची भाषा बदलते.

अपवाद दोन आहेत आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला अपवाद ‘विनिर्दिष्ट प्रवर्गा’तल्या शाळांचा. केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि सैनिकी शाळा यांना कायद्याने वेगळे धरले आहे. देशातली पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ रोजी सातारा येथे सुरू झाली, आणि तिचा सहावीचा प्रवेश स्पर्धा परीक्षेवरच होतो. ही अखिल भारतीय परीक्षा १२५ प्रश्नांची, ३०० गुणांची. त्यातले १५० गुण एकट्या गणिताचे. भाषा, बुद्धिमत्ता आणि सामान्य ज्ञान यांना प्रत्येकी ५०. सहावीसाठी मूल ३१ मार्चला १० ते १२ वर्षांचे असावे लागते आणि प्रश्नपत्रिका मराठीतूनही देता येते. अलीकडे सैनिकी शाळांच्या जाळ्यात खासगी संस्थांच्या भागीदारीतल्या शाळाही आल्या आहेत, तेव्हा ‘सैनिकी’ नाव असलेली शाळा या केंद्रीय योजनेतली आहे की स्वतंत्र, हे विचारून घ्यावे.

दुसरा अपवाद अल्पसंख्याक शाळांचा. ६ मे २०१४ च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, शिक्षण हक्क कायद्यातून वगळले. १ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात न्यायालयाच्या दोन सदस्यीय पीठाने त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न सरन्यायाधीशांकडे पाठवला. त्यामुळे मिशनरी किंवा इतर अल्पसंख्याक संस्थेच्या शाळेत कलम १३ दाखवण्यापूर्वी त्या शाळेला अल्पसंख्याक दर्जा आहे का, ते पाहावे.

दाखला : एक पान, पुढची पंधरा वर्षे

शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे एलसी. चौथीच्या निकालाबरोबर शिपाई तो पालकाच्या हातात देतो, पालक घडी घालून पिशवीत ठेवतो आणि नव्या शाळेत जमा करतो. त्या अर्ध्या मिनिटात तो वाचला जात नाही, आणि पुढे अकरावीला, जात पडताळणीला, कधी पासपोर्टला त्यातली चूक वर येते.

म्हणून तो ऑफिसच्या खिडकीपाशीच उभे राहून वाचावा. आडनाव, मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, चारही ठिकाणी अक्षरे जन्मदाखल्याशी जुळतात का? जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत एकच आहे का? ‘११’ आणि अक्षरी ‘एक’ अशी गफलत होते. जन्मस्थळात गाव, तालुका, जिल्हा आहे का? जात आणि पोटजात वडिलांच्या दाखल्याप्रमाणे आहे का? जनरल रजिस्टरचा क्रमांक, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण भरले आहे का? मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का आहे का? चूक सापडली तर जन्मदाखला जोडून त्याच शाळेत त्याच दिवशी अर्ज द्यावा. मूल नव्या शाळेच्या पटावर गेल्यावर जुन्या रजिस्टरमधली नोंद दुरुस्त करायची तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीपर्यंत जावे लागते. मूळ दाखला देण्याआधी त्याच्या दोन-तीन प्रती काढून ठेवाव्यात.

दाखला अडवून धरण्याची तक्रारही नेहमीची आहे. ‘फी बाकी आहे, आधी ती भरा.’ कायद्याचे कलम ५ सांगते की सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या मुलाला जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश रोखता येत नाही. विनाअनुदानित शाळेकडून विनाअनुदानित शाळेकडे जाताना मात्र हे कलम तितके थेट मदतीला येत नाही. तिथे दाखल्याची तजवीज आधीच करायला हवी. २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने दाखला हे फी वसुलीचे हत्यार नाही, असे बजावले होते. थकबाकीसाठी शाळेला वेगळे मार्ग आहेत. मुलाचे कागद हा त्यातला मार्ग नव्हे.

बाकीच्या कागदांबद्दल थोडक्यात. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये आहे. आधार कार्ड प्रवेशाची अट असू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितले. ‘अपार’ या विद्यार्थी ओळख क्रमांकासाठी पालकांची संमती लागते. परराज्यातून येणाऱ्या मुलाच्या दाखल्यावर तिथल्या शिक्षण अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी मागितली जाते. बेळगाव, इंदूर, बडोदा किंवा पणजीहून बदलून येणाऱ्या मराठी कुटुंबांनी ती निघण्यापूर्वीच घ्यावी.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. मूल शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के कोट्यातून पहिलीला लागले असेल, तर त्याचे मोफत शिक्षण त्याच शाळेत आठवीपर्यंत आहे. हा कोटा प्रवेशाच्या पहिल्या वर्गातच भरला जातो. पाचवीला शाळा बदलली की ती जागा सुटते, आणि नव्या शाळेत पाचवीसाठी अशी जागा नसते. जवळची शाळा, ओळखीचे शिक्षक अशा कारणांनी दाखला काढण्याआधी पालकांनी या चार वर्षांच्या फीचा हिशेब जरूर मांडावा.

फीचे पत्रक ओळीओळीने

खासगी शाळांच्या फीसाठी महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. राष्ट्रपतींची मंजुरी मिळून तो २०१४ मध्ये अमलात आला. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत शाळेने पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा, इच्छुक पालकांमधून सोडतीने कार्यकारी समिती निवडायची, आणि व्यवस्थापनाने मांडलेला फीचा प्रस्ताव या समितीने मंजूर करायचा. मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षांसाठी बांधील असते. ती शाळेच्या सूचना फलकावर लावायची, तीही मराठी, इंग्रजी आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत.

नव्या पालकाला या कायद्याचा उपयोग प्रवेशाच्या आधीच होतो. ऑफिसात फीचे छापील पत्रक मिळाले की त्यातली प्रत्येक ओळ फलकावरच्या मंजूर फीशी ताडून पाहावी. शिक्षण शुल्क, सत्र शुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, संगणक, परीक्षा शुल्क या ओळी ओळखीच्या असतात. ‘अ‍ॅक्टिव्हिटी’, ‘स्मार्ट क्लास’, ‘वार्षिक शुल्क’ अशा ओळींखाली नेमके काय येते ते विचारावे. अनामत असेल तर ती परत मिळणारी आहे असे पावतीवर लिहून घ्यावे. शेवटी दोन प्रश्न : ‘ही फी समितीने कोणत्या वर्षांसाठी मंजूर केली आहे? पुढची वाढ कधी होणार?’ दोन वर्षांच्या चक्रातले दुसरे वर्ष चालू असेल, तर पुढच्याच जूनमध्ये आकडा बदलू शकतो.

आता हिशेब. समजा, पाचवीची फी वर्षाला ६० हजार आहे आणि दर दोन वर्षांनी ती १० टक्क्यांनी वाढते. पाचवी-सहावीला ६० हजार, सातवी-आठवीला ६६ हजार, नववी-दहावीला ७२ हजार ६००. सहा वर्षांची बेरीज ३ लाख ९७ हजार २००. बसचे महिना अडीच हजार, वर्षातले दहा महिने धरले, तर सहा वर्षांचे दीड लाख. म्हणजे ‘साठ हजारांची शाळा’ दहावीपर्यंत साडेपाच लाखांच्या घरात जाते, आणि यात गणवेश, पुस्तके, सहली, शिकवणी धरलेली नाही. पालकांनी आपल्या शाळेचे आकडे घालून हीच बेरीज करावी. आठवीनंतर पैसे पुरले नाहीत म्हणून मुलाला ऐन दहावीच्या तोंडावर हलवावे लागणे, हा या प्रवेशातला सगळ्यात मोठा धोका आहे, आणि तो पाचवीतच दिसू शकतो.

वाढलेल्या फीविरुद्ध दाद मागण्यासाठी विभागीय शुल्क नियामक समिती आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर तिच्याकडे जायला शाळेतल्या किमान २५ टक्के पालकांची एकजूट लागते. एकट्यादुकट्या पालकाला ती वाट जवळजवळ बंद झाली. कार्यकारी समितीच्या सोडतीसाठी नाव देणे म्हणूनच महत्त्वाचे, आणि नवा पालकही पहिल्याच वर्षी ते देऊ शकतो.

माध्यम आणि मंडळ

मराठी माध्यमातून पाचवीला पूर्ण इंग्रजी माध्यमात जाणारे मूल एका उन्हाळ्यात इतिहास, भूगोल, विज्ञान आणि गणित या सगळ्यांची भाषा बदलते. हुशार मुलेही पहिले सहा महिने गप्प होतात, आणि त्यांना त्या काळात घरून आणि शाळेतून आधार लागतो. सेमी इंग्रजीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून असतात, त्यामुळे बदलाचा भार निम्मा होतो. कोणता मार्ग घ्यायचा हे घराने ठरवावे. मात्र पाचवीत आल्यानंतर इंग्रजीचा जादा तास मिळेल का, कोण घेईल, किती दिवस, हे शाळेला आधी विचारावे.

राज्य मंडळाच्या शाळेत पाचवीलाच आणखी एक गोष्ट येते. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१९ मधल्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा दिली आणि महाराष्ट्राने त्या पुन्हा सुरू केल्या. अनुत्तीर्ण मुलाला पुरवणी परीक्षेची संधी मिळते. तीही हुकली तर त्याच वर्गात बसावे लागू शकते. नव्या शाळेतले पहिलेच वर्ष या परीक्षेचे असते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

मंडळ बदलताना कॅलेंडरचीही अडचण होते. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे त्यानंतर. सीबीएसईचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होते, आणि गोव्यातही २०२५ पासून सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्ये भरू लागले. चौथीची परीक्षा एप्रिलात देणाऱ्या मुलाचे नव्या शाळेतले पहिले धडे तेव्हा होऊन गेलेले असतात. ते कसे भरून काढणार, हे प्रवेशाच्या दिवशी ठरवून घ्यावे.

‘सीबीएसई पॅटर्न’ या शब्दाची खातरजमा करणे तर अत्यावश्यक. अभ्यासक्रम वापरणे वेगळे आणि मंडळाची संलग्नता असणे वेगळे. संलग्नता कोणत्या इयत्तेपर्यंतची आहे तेही पाहावे, कारण मंडळ पूर्वमाध्यमिक वर्गांपुरती वेगळी संलग्नता देते. सातवीत शिकणाऱ्या मुलाच्या पालकांना ‘नववीसाठी दुसरी शाळा बघा’ हे ऐकावे लागू नये. शाळेला राज्याची मान्यता आणि अकरा अंकी यू-डायस क्रमांक आहे का, हे त्याआधी. मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तरीही अनधिकृत शाळांच्या याद्या प्रशासनाला दरवर्षी काढाव्या लागतात.

एक दिलासा : शाळा कोणत्याही मंडळाची असो, राज्याच्या २०२० च्या कायद्याने तिथे मराठी शिकवणे सक्तीचे आहे.

शाळा पाहायला जाताना

शाळा भरलेली असताना जावे. सुट्टीत दाखवलेल्या इमारतीवरून काही कळत नाही. सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्याने काही किमान गोष्टी ठरवल्या आहेत : दर ३५ मुलांमागे एक शिक्षक, विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी स्वतंत्र शिक्षक, वर्षाला किमान २२० दिवस आणि एक हजार तास अध्यापन. ‘सातवीला गणित कोण शिकवते आणि ते किती वर्षांपासून इथे आहेत?’ या एका प्रश्नाच्या उत्तरातून माहितीपत्रकापेक्षा जास्त कळते. शिक्षक दरवर्षी बदलत असतील तर ते इथेच उघडे पडते.

सातवी-आठवीच्या एखाद्या मुलाची वही पाहायला मागावी. फळ्यावरून उतरवलेली उत्तरे पानोपान सारखीच आहेत, की मुलाने स्वतःच्या शब्दांत काही लिहिले आहे? शिक्षकांनी नुसती सही केली आहे, की चूक दाखवली आहे? मग ग्रंथालयात पुस्तके मुलांच्या हाताला येतात का, मुलींचे स्वच्छतागृह वापरण्याजोगे आहे का आणि तिथे पाणी आहे का, हे पाहावे. बसने जायचे असेल तर बसमध्ये महिला मदतनीस आहे का, शालेय परिवहन समितीवर कोण आहे, आणि मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती शाळेत कधी भेटते, हेही विचारावे. हे प्रश्न विचारणारा पालक त्रासदायक वाटेल, अशी भीती बाळगू नये. चांगले मुख्याध्यापक या प्रश्नांचे स्वागत करतात.

मुलालाही बरोबर न्यावे आणि परत येताना त्याचे मत विचारावे. दहा वर्षांच्या मुलाला शाळेत काय आवडले आणि कशाची भीती वाटली, हे सांगता येते.

तक्रार करायची तर

चाचणी घेऊन नाकारले, देणगी मागितली, दाखला अडवला, यांपैकी काही घडले तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. व्यवहारात म्हणजे ग्रामीण भागात गटशिक्षणाधिकारी किंवा जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग. मुंबईत शिक्षण निरीक्षकांचे कार्यालयही. तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा, आणि तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. अर्जाची पोच घ्यावी. तारीख, कोणाशी बोलणे झाले आणि काय सांगितले गेले, एवढे लिहिलेले असले तरी तक्रारीला वजन येते.

पालक सहसा गप्प बसतात, कारण मुलाला पुढे त्याच शाळेत शिकायचे असते. ही भीती खरी आहे आणि तिला कमी लेखणे बरोबर नाही. पण चार-पाच पालकांनी मिळून केलेल्या अर्जावर कुठल्या एका मुलाचे नाव चिकटत नाही. ज्या वाडीतली, सोसायटीतली किंवा जुन्या वर्गातली मुले यंदा पाचवीला जाणार आहेत, त्यांच्या पालकांनी या महिन्यातच एकत्र बसावे, शाळांची यादी करावी, आणि चाचणी, तुकडी, फी, संलग्नता हे चार प्रश्न प्रत्येक शाळेला एकाच पत्राने विचारावेत. लेखी उत्तर देणाऱ्या शाळा यादीत वर ठेवाव्यात.

पुढील लेखांकात : २५ टक्के कोट्यातली मुले आठवी संपवून नववीत जातात, तेव्हा त्यांच्या फीचे काय होते आणि पालकांनी सातवीपासूनच कोणती तयारी करावी.